कुंकू वरच्या भोकाला

एका गावात (गावाचं नाव विचारू नका, सांगितलं की तुम्ही नकाशात शोधत बसता) सगुणा नावाची एक चित्रवाली राहायची. ती कॉम्प्युटरवर चित्रं काढायची आणि त्यांना चालायला लावायची. माघात देवीची जत्रा भरली की देवळापुढं पांढरं कापड ताणून त्यावर ती देवीची गोष्ट दाखवायची. शेवटी देवीची तलवार खाली यायची, राक्षस आडवा व्हायचा आणि सगळं गाव हात जोडायचं. हा मान सगुणाच्या घराण्याचा. तिचे वडील कापडाच्या बाहुल्या नाचवायचे, आता ही कॉम्प्युटरवर चित्रं नाचवायची, एवढाच काय तो फरक.

मागच्या जत्रेत मात्र घोटाळा झाला. देवीनं तलवार उगारली आणि ती वरच अडकली. मग जराशी हलली आणि परत अडकली. तेवढ्यात राक्षस घरी जाऊन जेवून आला असता. पोरं फिदीफिदी हसली. जत्रेचा कारभार बघणारे तात्या म्हणाले, की औंदा पुन्हा असं झालं तर मान पलीकडच्या वाडीला जाईल. सगुणाला ते फार लागलं. वडिलांचा मान आपल्या हातून जाणार, या विचारानं तिला घास गोड लागेना.

तिचा धाकटा भाऊ दामू शेजारच्या गावात राहायचा. तो म्हणाला, दोष तुझ्या ग्राफिक्स कार्डाचा आहे. आता ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत बसवायची एक पाटी. चित्रं हलवायचं कष्टाचं काम ती करते. सगुणाचं कार्ड जुनं झालं होतं. दामूनं धावपळ करून नवं कार्ड आणलं.

झालं! गावात दोन तट पडले. जुनं ते सोनं म्हणणारे एकीकडे, नव्याचे नऊ दिवस तरी बघू द्या म्हणणारे दुसरीकडे. त्यात जुन्या कार्डावर लिहिलेला आकडा मोठा आणि नव्यावरचा लहान. तात्यांनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले आणि ते गोंधळले. मोठा आकडा जुन्याला कसा? त्यांना कुणीतरी समजावलं, की कार्डाचा आकडा म्हणजे म्हशीचं दूध नव्हे, जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. मग कसं असतं, ते मात्र त्यालाही सांगता येईना. खरं सांगायचं तर मलाही येत नाही.

शेवटी सगुणाच्या सोप्यात परीक्षा ठरली. आधी जुनं कार्ड लावून बघायचं, मग नवं. दामूनं कार्ड बसवलं आणि वायर लावायला पेटीच्या मागं हात घातला. सगुणानं त्याच्या हातावर चापटी मारली.

"तिथं नको. कुंकू वर आहे, दिसत नाही का?"

थोरल्या बहिणीपुढं काय बोलायचं? दामूनं हात मागं घेतला. वायर सगुणानंच लावली.

जुन्या कार्डावर देवीची तलवार अडकली. जुनेवाले खाली बघू लागले. मग नवं कार्ड बसवलं, वायर पुन्हा सगुणानंच लावली, आणि तलवार अडकली. त्याच जागी, तशीच! आता नवेवालेही खाली बघू लागले.

मग जो काही कालवा झाला, तो विचारू नका. एक म्हणाला, जुनं नव्याइतकंच चालतं, म्हणजे जुनं भारी. दुसरा म्हणाला, नवं जुन्याइतकंच रखडतं, म्हणजे नवं खोटं. एका आजीबाईंनी पेटीवरून लिंबू उतरवून टाकलं, तरी तलवार तिथंच. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वाडीला निरोप धाडायची भाषा सुरू केली.

सगुणाचं डोकं फिरलं. तिनं सगळा राग भावावर काढला.

"दुकानदारानं तुला फसवलं असेल, नाहीतर तू मला."

दामू नुकताच जेवायला बसला होता. तो भरल्या ताटावरून उठला, हात धुतला आणि चालू लागला. बहिणीच्या घरून भाऊ उपाशी गेला. सगुणा त्या ताटाकडे बघत राहिली, पण हाक काही मारली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं नवं कार्ड परत करायला काढलं. जुनं अजून बसवलं नव्हतं, पण हात सवयीनं बटणावर गेला. पडदा उजळला. देवी आली, तिनं तलवार उगारली आणि तलवार अडकली. त्याच जागी!

सगुणा हसणार होती, पण हसू तोंडातच राहिलं. पेटीत कार्डच नव्हतं. ना जुनं, ना नवं. मग चित्रं हलवतंय कोण? क्षणभर तिला वाटलं, देवीच चेष्टा करतेय. तिनं वायर धरली आणि हातानं चाचपत पेटीच्या मागं गेली.

पेटीला मागं वायरीसाठी दोन भोकं होती. खालचं कार्डाचं, कार्ड काढलं की तिथं नुसती फट उरायची. वरचं पेटीचं स्वतःचं, कार्डाची मदत न घेता कसंबसं चित्र दाखवणारं. वायर वरच्या भोकात होती आणि भोकाशेजारी कुंकवाचं बोट होतं.

मग तिला दसरा आठवला. मागच्या जत्रेआधीच्या खंडेनवमीला तिनं वायरी काढून पेटी पाटावर ठेवली होती, पूजा केली होती, झेंडू वाहिला होता. कुंकू लावताना वरच्या भोकाला लावलं, कारण मान वरच्याला द्यायचा असतो. पुन्हा वायरी जोडताना कुंकू दिसलं, तिथं वायर खोचली. कुंकू लागलेल्या जागेबद्दल कोण शंका घेणार? तेव्हापासून कार्ड पेटीत नुसतं बसून होतं. नव्यालाही तिनं तसंच बसवून ठेवलं, आणि वर दोघांना नावं ठेवली.

ती कार्ड बसवून वायर खाली लावू शकली असती. पण ती तशीच उठली, ताट वाढलं, फडक्यात बांधलं आणि दामूच्या गावी गेली. त्याच्या उंबऱ्याशी बसून म्हणाली, "तू खाली लावत होतास. मीच लावू दिली नाही. चुकले रे. आता जेव."

दामूनं फडकं सोडलं आणि पोटभर जेवला. मग दोघं परत आले, जुनं कार्ड बसवलं आणि वायर खालच्या भोकात लावली. जुन्या कार्डावर तलवार सरळ खाली आली, पहिल्यासारखी. नव्यावरही आली, आणि देवीच्या केसांची बट न् बट वेगळी उडताना दिसली. नवं सरस होतं, पण जुनं कधी चुकलंच नव्हतं.

जत्रेत नवं कार्ड लावलं. राक्षस वेळेवर पडला, गावानं हात जोडले, मान घरातच राहिला. जुनं कार्ड सगुणानं वाडीच्या चित्रवाल्याला दिलं. म्हणाली, मान माझा असला म्हणून काय, चित्रं तुमचीही हलू देत.

तात्या मात्र अजून भेटेल त्याला विचारतात, की अखेर जिंकलं कोण? पुढच्या दसऱ्याला सगुणानं पेटी पाटावर ठेवली, बोटाला कुंकू घेतलं आणि भावाला विचारलं, "कुठं लावू रे?"

तात्पर्य काय, तर ज्याच्या हाती काम दिलंच नाही, त्याला नावं ठेवू नयेत; मग ते जुनं असो, नवं असो, की पाठचा भाऊ.