गाडथांब्याचा सैल दोर

सावरदऱ्यातून पायवाटेने वर निघाले की धाप लागायच्या बेतात माळ येतो. शिवेचा शेंदूर फासलेला दगड ओलांडला की वाट थोडी खाली उतरते, आणि त्या उतारावर एक लाकडी गाडा उभा दिसतो. उभा म्हणायचे ते आपल्या सोयीसाठी. त्याचे एक चाक काढून शेजारी आडवे ठेवलेले आहे आणि त्या अंगाने गाडा दगडावर टेकलेला आहे. लाकूड कुजले की सावरदऱ्याचे लोक त्याच मापाचा नवा गाडा करतात, वर आणतात, चाक बसवून बघतात आणि पुन्हा काढून ठेवतात. या जागेला गाडथांबा म्हणतात.

गाड्याच्या पलीकडे उंबरवेढे. गाव म्हणावे असे तिथे आता काही नाही. घरांची जोती आहेत, एक फुटके उखळ आहे, चुलीचे काळे दगड गवतात अजून तसेच बसलेले आहेत. सरकारदरबारी अशा गावाला बेचिराग म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. भोवतालची जमीन मात्र काळी आणि चांगली हातभर खोल आहे. सावरदऱ्याची शेते उतारावरची, मुरमाड. पावसाळा आला की माती ओढ्यात निघून जाते. तरी वरच्या काळ्या जमिनीला नांगर लावायची आजवर कोणाची छाती झालेली नाही.

पाहुण्यांना वर घेऊन जातात ते गेनूआबा. पाऊणशे वर्षांचे असतील, पण चढावर पाहुण्यांनाच मागे टाकतात. निघताना ते एकच अट घालतात, की माळावर कोणाला नाव घेऊन हाक मारायची नाही. शहरातल्या माणसाला जे करू नको म्हणावे ते तो आधी करून बघतो. त्यामुळे दर खेपेला कोणीतरी गाड्याशी फोटो काढता काढता मागे राहिलेल्याला मोठ्याने हाक मारतेच. मग आबा रागावत नाहीत. टोपी काढतात, ओसाड गावाकडे तोंड करतात आणि बराच वेळ कान देऊन उभे राहतात. काय ऐकताय म्हणून विचारले तर म्हणतात, "ओ येती का बघतो." मग टोपी घालतात, दगडावर बसतात आणि कथा सांगायला लागतात.

फार जुनी गोष्ट आहे, असे सांगतात. तेव्हा उंबरवेढे नांदते होते. ज्वारी, हरभरा, करडई, काय पेराल ते येई. खाण्याची ददात नव्हती, पाण्याची मात्र होती. बायांना ओढ्यापर्यंत उतरावे लागे. आणि त्या ओढ्यावरच सावरदऱ्याच्या बायाही येत. पाण्यावरच्या ओळखीतून सोयरिकी जुळत गेल्या. खालच्या गावची जमीन नाही, पण चांगली माणसे बघून उंबरवेढ्याने आपल्या लेकी सावरदऱ्याला दिल्या. एखादेच घर असे असेल की ज्याची मुलगी खाली नांदत नव्हती.

रायाजी सुताराची सगुणाही तिथेच दिलेली. एकुलती एक लेक. नांगर असो, पाभर असो की घराचे तुळवट, गावाचे सगळे लाकूड रायाजीच्या हाताखालून जाई. बोलणे कमी, आणि जे बोलणार ते लाकडाशीच, अशी त्याची बायको येसाबाई त्याची थट्टा करी. त्या वर्षी सगुणा पहिल्या वेळची बाळंत झाली होती. सासूच आजारी म्हणून बाळंतपण सासरी झाले. बाळ कोणावर गेले ते बघायला जायचा येसाबाईचा हट्ट चालला होता, आणि रायाजी नातवासाठी पांगाऱ्याच्या लाकडाचा पांगुळगाडा करायला घेऊन बसला होता. पांगारा हलका, तासायला मऊ; लेकराच्या हाताला लागत नाही.

तेवढ्यात पटकी आली.

पटकी म्हणजे उलट्या-जुलाबांचा तो रोग, जो सकाळी धडधाकट दिसणारे माणूस संध्याकाळी नेत असे. त्या काळी तिला मरीआईचा कोप समजत. त्यावर उपाय एकच माहीत होता. लाकडाचा गाडा करायचा, त्यात मरीआई बसवायची, खणानारळाने ओटी भरायची, दहीभात ठेवायचा आणि सगळ्या गावाने दोर धरून गाडा पुढच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायचा. परत येताना मागे बघायचे नाही. पुढचे गाव मग तिची ओटी भरे आणि तिला आणखी पुढे नेई. गाडा गेला की रोग गेला. एक मात्र होते, की गाडा वाटेत आपल्या आपण थांबला आणि ओढून हलेना, तर देवी बसली म्हणत. बसलेल्या देवीला उठवायचे नाही. ती जिथे बसली, ते गाव तिचे.

वरच्या अंगाने गाडा उंबरवेढ्याच्या शिवेत आला तेव्हा गावात आधीच घरोघर माणसे लोळत होती. आणि गाडा आला तो मोडका. एका चाकाची खीळ, म्हणजे चाक निसटू नये म्हणून कण्याच्या टोकाला ठोकतात ती, वाटेत तुटली होती. मानाजी पाटील स्वतः रायाजीच्या दारी आला. त्याच्या घरातही दोघे अंथरुणावर होते.

"रायाजी, खीळ बसवून दे," पाटील म्हणाला. "उद्या गाडा न्यायचा."

"कुठं?" रायाजीने विचारले. विचारायची काही गरज नव्हती. पुढे एकच गाव होते.

पाटलाने पायाकडे बघितले. "खाली," म्हणाला, आणि गेला.

येसाबाई आतून ऐकत होती. तिला स्वतःला त्या दिवशी बरे नव्हते, पण तिने अजून कोणाला सांगितले नव्हते. ती दारात आली आणि म्हणाली, "अवं, ओली बाळंतीण हाय ती. तिच्या दारात तुमच्या हातानं धाडणार का?" रायाजीने हत्यारे पुढे ओढली. नाही म्हणायचे कोणाला? शेजारच्या घरात पोर तडफडत होते आणि त्याचा बाप गाडा कधी जातो याच्याकडे डोळे लावून बसला होता. त्या बापाच्या तोंडावर, मी खीळ करत नाही, असे सांगायला जीभ कशी उचलणार?

खीळ बाभळीची करतात. बाभूळ कडक, भार सोसते. रायाजीने बाभळीचा तुकडा हातात घेतला, तसाच खाली ठेवला आणि नातवाच्या पांगुळगाड्यासाठी आणलेल्या पांगाऱ्याची खीळ तासली. तेलात काजळी कालवून तिला चोपडली, म्हणजे बघणाऱ्याला ती बाभळीचीच वाटावी. ही खीळ माळ ओलांडेपर्यंत टिकेल आणि शिवेआधीच्या चढावर तुटेल, असा त्याचा हिशेब होता. चाक निखळेल, गाडा बसेल, देवी बसली म्हणून सगळे हात जोडतील. आपल्या गावावर आपण काय आणतो आहोत ते त्याला समजत होते. तरी त्याने ती खीळ ठोकली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर गाडा निघाला. हलगी वाजत होती. गावातले उभे राहू शकणारे प्रत्येक माणूस आले होते. पुरुषांनी पुढे दोर धरला, बाया मागून ढकलायला लागल्या. त्यांत पाटलाची म्हातारी आई राहीबाईही होती. रायाजी चाकाशेजारून चालत होता आणि त्याचे सगळे लक्ष त्या काळ्या खिळीवर होते. माळ सरला. चढ आला. आता तुटेल, आता तुटेल, असे म्हणत तो श्वास धरून होता.

खीळ तुटली नाही. गाडा मात्र थांबला.

हलगीवाल्याने जोर केला. पाटील ओरडला, "ओढाऽ!" माणसे ओणवी झाली, तोंडाने हुंकारली, पण गाडा जागचा हलेना. दोन्ही चाके धड, वाटेत धोंडा नाही, आणि शिवेचा दगड तर समोर दिसत होता. सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. कोणीतरी म्हणाले, "बसली. आई बसली." तेव्हा सगळे खाली बसले आणि जमिनीला डोके टेकून रडले, असे सांगतात.

रायाजीला रडूही येईना. त्याने देवीला फसवायला खोटी खीळ केली होती, आणि देवीने ती खीळ जशीच्या तशी ठेवून आपल्या पायाने मुक्काम केला होता. हा कोप आपल्या हाताने ओढवला, असे त्याच्या मनाने घेतले. त्याच आठवड्यात येसाबाई गेली. नातू कसा दिसतो ते न बघताच गेली. रायाजीने तिच्यासाठी तिरडी बांधली, मग शेजाऱ्यासाठी, मग ज्यांना बांधणारे कोणी नव्हते त्यांच्यासाठी. प्रत्येक गाठ मारताना ती काळी खीळ त्याच्या डोळ्यांपुढे येई.

जे वाचले ते पाठीमागच्या घाटाने निघून गेले. खाली सावरदऱ्याला, लेकींच्या घरी, एकही माणूस गेले नाही. तिकडचा रस्ता जवळचा होता, तरी गेले नाही. हळूहळू गावात चुली विझल्या. मागे राहिले ते रायाजी, अंथरुणाला खिळलेली राहीबाई, आणि तिला सोडून जाववत नव्हते म्हणून मानाजी पाटील.

एका संध्याकाळी शिवेवरून हाक आली.

"बाऽऽ! ओ बाऽऽ!"

सगुणा होती. वर धूर दिसेना म्हणून जीव राहवेना, तेव्हा लेकराला खांद्यावर टाकून ती शिवेच्या दगडापर्यंत चढून आली होती. त्यापुढे जायचे नाही, अशी सासरच्यांनी शपथ घातली होती. पण नुसती ओ ऐकू आली असती, तर त्या शपथेला तिने विचारले नसते. रायाजी राहीबाईच्या ओसरीवर बसला होता. लेकीची हाक आली तसे त्याचे तोंड उघडले. जन्मभराची सवय होती. पोर हाक मारते आणि बाप ओ देतो. त्याने पागोट्याचे टोक ओढून तोंडात कोंबले आणि दोन्ही हातांनी दाबून धरले. ओ दिली तर ती धावत येईल. धावत आली तर परत जाताना काय घेऊन जाईल, ते त्याला ठाऊक होते.

ती पुष्कळ वेळ हाका मारत होती. मग लेकरू रडायला लागले. रायाजीने नातवाचा आवाज ऐकला तो तेवढाच. मग तेही ऐकू येईनासे झाले.

तेव्हा तो उठून राहीबाईच्या अंथरुणाशी गेला आणि खाली कोसळला. "थोरल्या आई, म्या पाप केलं," तो म्हणाला, आणि पांगाऱ्याच्या खिळीची गोष्ट त्याने सांगून टाकली. "देवीला कळलं. माझ्यापायी सारं गाव गेलं."

राहीबाई डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "खीळ तुटली का?"

"न्हाई."

"मग रं? येड्या, म्या मागं व्हते. मला समदं दिसत व्हतं. माझी लेक बी खालीच हाय. म्या गाड्याला नुसता हात लावला व्हता, ढकललं न्हाई. शेजारनीनं बी न्हाई. आनि म्होरं बघितलं तर दोर सैल. एवढी मानसं हुंकारत व्हती, पर वढत कुनीच नव्हतं." तिला धाप लागली. मग तिने लेकाकडे बोट केले. "त्याचं हात बघ."

पाटील कोपऱ्यात बसला होता. त्याने दोन्ही तळहात पुढे केले. काथ्याचा दोर ओढला की हाताला वळ उठतात, साल निघते. तिरड्या बांधताना, मेलेल्यांचे हात जुळवताना रायाजीने गावातले किती हात पाहिले होते! त्यांतल्या एकावरही वळ नव्हता, हे त्याला तेव्हा आठवले. ज्याचे पोर तडफडत होते, त्या शेजाऱ्याच्या हातावरही नव्हता.

कोणी कोणाला सांगितले नव्हते. ज्याने त्याने आपल्यापुरता दोर सैल सोडला होता, आणि बाकीचे ओढत असतील असे समजून लाजेने मान खाली घातली होती.

मग राहीबाईही गेली. तिला स्मशानात पोहोचवल्यावर रायाजी एकटा गाड्यापाशी गेला. मरीआईच्या पाया पडला. मग आपल्या हाताने ती काळी खीळ उपसून काढली, चाक ओढून शेजारी आडवे केले, म्हणजे पुढे कधी कोणाचे मन फिरले तरी गाडा जागचा हलू नये. त्यानंतर त्याला कोणी पाहिले नाही. मानाजी पाटील घाटाने उतरून गेला. पुष्कळ वर्षांनी, अगदी म्हातारा होऊन, तो सावरदऱ्याच्या शिवेवर येऊन बसला आणि त्यानेच हे सगळे सांगितले म्हणे. तोवर सावरदरे समजत होते की देवी वर बसली म्हणून आपण वाचलो.

कथा इथवर आली की पाहुण्यांपैकी कोणीतरी हटकून म्हणते, "पण आबा, पटकी पाण्यातून पसरते. गाड्याचा काही संबंध नाही." आबा मान डोलावतात. "आसंल की," म्हणतात. "आमच्या नातीनं बी शाळेतनं येऊन हेच सांगितलं. पर त्यास्नी हे कुठं ठावं व्हतं? त्यास्नी गाडाच ठावा व्हता."

दिवस कलला की माळावर चाक करकरल्याचा आवाज येतो, असे गुराखी सांगतात. आवाज ओसाड गावाकडून येतो, चढापर्यंत येतो आणि थांबतो. त्याला सावरदऱ्यात कोणी भीत नाही. घरात बसलेली बाई हातातले काम ठेवून तिकडे हात जोडते आणि पुन्हा कामाला लागते.

आजही आषाढात सारे सावरदरे वर जाते. नवा काथ्याचा दोर गाड्याला बांधतात. लहानथोर सगळे तो धरतात, हलगी वाजते, कोणीतरी "ओढाऽ" म्हणून ओरडते, आणि एकही माणूस ओढत नाही. दोर गवतात लोळत राहतो. मग हलगी थांबते आणि त्या वर्षी पहिल्यांदा बाळंत झालेली सून लेकराला खांद्यावर घेऊन शिवेच्या दगडापाशी उभी राहते. माहेर तिचे कुठलेही असो, ती उंबरवेढ्याकडे तोंड करून हाक मारते, "बाऽऽ! ओ बाऽऽ!"

सगळे गाव श्वास धरून ऐकते. माळावरून ओ येत नाही. तशी एखादी म्हातारी पदराने डोळे पुसते आणि हळूच म्हणते, "हाय गं. अजून तोंड दाबून हाय वर." मग ते घराकडे वळतात.