पोटे ऐकणारे साहेब

त्या राज्यात तीन वर्षे गवताची काडी उगवली नव्हती आणि सरकारी कोठारे ज्वारीने गच्च भरली होती. कोठारांवर अस्वले नेमलेली होती. त्यांची अंगे मोठी, खुर्च्या त्याहून मोठ्या, आणि कामाच्या नावाने आनंदीआनंद. दाणा खऱ्या भुकेलाच द्यायचा, एवढा मात्र त्यांचा कटाक्ष. पंचाईत अशी, की भुकेशी त्यांची जन्मात कधी गाठ पडली नव्हती. मग जुनी बाडे चाळून त्यांनी शोध लावला, की भुकेले पोट गुरगुरते. लगेच नियम झाला: येईल त्याच्या पोटाला कान लावायचा. गुरगुरले तर पायलीभर ज्वारी, नाहीतर चालते व्हा.

पहिल्या वर्षी पुष्कळ पोटे गुरगुरली. तिसऱ्या वर्षी पोटांत गुरगुरण्याचेही त्राण उरले नाही, तेव्हा राज्यातली भूक हटली म्हणून या महाभागांनी एकमेकांना पेढे भरवले.

एका दुपारी एक वानरी पिल्लाला कवटाळून आत आली. मोठे साहेब नुकतेच जेवून बसले होते.

"तुमचं पोट ऐकायचं की याचं? एका अर्जाला एकच पोट," साहेब ढेकर देत म्हणाले.

"लेकराचं ऐका, साहेब. चार दिवस झाले, पोटात काही नाही. माझं दूधही आटलंय. मूठभर दिलीत तरी चावून भरवीन मी."

पिल्लाला मेजावर निजवून साहेबांनी कान लावला. गुरगुर ऐकू आली, चांगली खोलीभर घुमली. वानरीचा जीव भांड्यात पडला.

"साहेब, हे तुमचं पोट वाजतंय," शेजारचे धाकटे अस्वल अदबीने म्हणाले. "बासुंदी बाधली असावी."

पण नियम म्हणजे नियम. पोट गुरगुरले होते आणि दोघांनी ऐकले होते. साहेबांच्या नावे पायलीभर ज्वारी मंजूर झाली. मग साहेबांनी श्वास रोखून पुन्हा कान लावला. आता चिटपाखराचाही आवाज नव्हता.

"बघा, कसं गुणी बाळ आहे! साधी कुरकूर नाही."

"साहेब," वानरी हात जोडून म्हणाली, "जरा वर ऐका. छातीशी."

"छाती आमच्या खात्यात येत नाही, बाई."

मग वानरीने स्वतःच पिल्लाच्या छातीला कान लावला. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. तेवढ्यात साहेबांनी 'पोट भरलेले' असा दाखला लिहिला, त्यावर शिक्का उमटवला आणि पिल्लाच्या मनगटाला बांधून दिला. पुढच्या खेपेला उगाच त्रास नको, एवढा कनवाळूपणा त्यांच्यापाशी होता.

पिल्लाला उराशी धरून वानरी बाहेर आली. त्याचा हात खाली लोंबत होता. रस्त्यावर शिपाई काठ्या आपटत रांगेतल्यांना मागे सारत होते, म्हणून तीही अंग चोरून कडेला उभी राहिली. साहेबांच्या घरी ज्वारी घेऊन निघालेली गाडी समोरून गेली. पुढचा शिपाई ओरडत होता, "बाजूला व्हा! भुकेल्याचं धान्य चाललंय!"