वादळाचा डोळा लागेना

एक होती कुर्ली. कुर्ली म्हणजे बारीकसा खेकडा. ही तर बोराएवढीच होती.

रात्रभर ती काठावर राबायची. वाळूच्या गोळ्या वळायची. सकाळ झाली की घरी यायची. घर म्हणजे काय, तर वाळूतलं एक बीळ. आत शिरायचं, टुपुक. दार लावायचं. आणि निजायचं.

एके सकाळी कुर्ली घरी आली. तुरुतुरु तुरुतुरु. तिरकी तिरकी. पाय दुखत होते. डोळे मिटत होते.

बघते तर घर नाही.

घराच्या जागी होडी. ही एवढी मोठी होडी. दर्यात वादळ आलं होतं ना, म्हणून गावानं रात्री होड्या आणखी वर ओढल्या होत्या. त्यातली एक नेमकी बिळाच्या दारावर बसली होती.

कुर्लीनं दुसरं बीळ खणलं. लाट आली, फस्स. वाळू सपाट.

पुन्हा खणलं. पुन्हा फस्स.

होडीच्या टोकावर एक कावळा बसला होता. भिजलेला. भुकेला.

"काय गं कुर्ले, दमलीस?"

"नाही दमले."

"दमलीस की सांग हां. मी इथंच आहे."

कावळ्याला कुर्ल्या फार आवडतात. खायला.

कुर्ली होडीला म्हणाली, "होडीबाय, होडीबाय, जरा सरक. दार उघडेना, मला निजता येईना."

होडी करकरली. "सरकले असते गं. पण मला कुठं पाय आहेत? पडून पडून माझीच कंबर धरलीय. तांडेलानं ढकललं, तर सरकेन."

तांडेल म्हणजे होडी चालवणारा. त्याचं नाव जोमा.

कुर्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

जोमा तांडेल ओटीवर बसला होता. जाळं शिवत होता. गाठ बांधायचा, सोडायचा. पुन्हा तीच बांधायचा. त्याची बायको बारकूबाय दारातून बघत होती.

"किती शिवशील? जाळ्याला भोक तरी ठेव, पाणी गळायला."

"मग काय करू गो?"

"काय करू, काय करू. घरात बसून लोणचं झालंय तुझं."

कुर्ली म्हणाली, "तांडेलमामा, तांडेलमामा, होडी ढकल. होडी सरकेना, दार उघडेना, मला निजता येईना."

तांडेलानं जाळं खाली ठेवलं. "नाय गो बाय. एवढी जड होडी एकट्यानं हलत नाय. आणि बंदरावर बावटा लागलाय. बावटा लागला की दर्यात जायचं नाय. बावटा उतरला, तर सगळे येतील. मग ढकलू."

"आणि मग मी पण जरा आडवी होईन," बारकूबाय म्हणाली.

कुर्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

बंदरावर उंच काठी. काठीवर बावटा. फडफड फडफड. फडफड फडफड. खाली मान घालायला सवड नाही.

"बावटोबा, बावटोबा, खाली उतर. तांडेल ढकलेना, होडी सरकेना, दार उघडेना, मला निजता येईना."

"मोठ्यानं बोल," बावटा म्हणाला. "फडफडून फडफडून माझे कान बसलेत."

कुर्लीनं पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.

"मी काय हौसेनं चढलोय वर? वारा सुटला की मला चढवतात. वारा थांबला, तर उतरेन."

कावळा उडत उडत काठीपाशी आला.

"काय गं, दमलीस?"

"नाही दमले."

पण तिचा एक पाय जरा मागे राहत होता.

कुर्ली निघाली. तुरु... तुरु. तुरु... तुरु.

काठाच्या टोकाला खडक होता. खडकावर वारा होता. घूं घूं घूं. माडाला वाकव, पाण्याला ढकल. घूं घूं घूं.

"वारेदादा, वारेदादा, जरा थांब. बावटा उतरेना, तांडेल ढकलेना, होडी सरकेना, दार उघडेना, मला निजता येईना."

"पळता पळता सांगतो हं," वारा म्हणाला. "थांबता येत नाही मला. तिकडे दर्यात वादळ फिरतंय. गरगर, गरगर. ते फिरतं आणि मला ओढतं. मला धाप लागलीय बघ. वादळाचा डोळा लागला, तर मी थांबेन."

"वादळाला डोळा असतो?"

"एकच असतो. मधोमध. गोल."

तेवढ्यात माडावरून नारळ पडला. धप्प.

"बस त्याच्यावर," वारा म्हणाला. "मी तिकडंच चाललोय."

कुर्ली नारळावर बसली. नारळ पाण्यात गेला. डुबुक डुबुक. डुबुक डुबुक. काठ लहान झाला. कावळा ठिपक्याएवढा झाला. मग काहीच दिसेना.

नुसत्या लाटा. वर चढ, खाली उतर. वर चढ, खाली उतर. पाऊस तिरका. ढग काळे. सगळं गरगर, गरगर.

आणि मग एकदम गप्प.

वारा नाही. पाऊस नाही. वर निळं आभाळ, गोल. कुर्ली वादळाच्या डोळ्यात आली होती. डोळ्यात काही हलत नाही. हलतं ते सगळं भोवती.

"वादळकाका, वादळकाका, जरा नीज. वारा थांबेना, बावटा उतरेना, तांडेल ढकलेना, होडी सरकेना, दार उघडेना, मला निजता येईना."

वादळानं मोठी जांभई दिली. चार ढग तिच्यात गेले.

"निजायचंच तर आहे मला," वादळ म्हणालं. त्याचा आवाज बारीक होता. "पार दर्याच्या पलीकडून येतोय. मला पाय नाहीत, तरी पाय दुखतात. जिथं जावं तिथं लोक दारं लावून घेतात. कोणी म्हणत नाही, ये, बस."

"मग निजत का नाहीस?"

"अंथरूण तापलंय गं. खाली दर्या बघ कसा गरम झालाय. तापल्या तव्यावर कोणाला झोप येते? मग मी उठतो आणि फिरतो. फिरतो आणि फिरतो. दर्या निवला, तर माझा डोळा लागेल."

कुर्लीनं नारळावरून खाली वाकून पाहिलं. खाली दर्याच होता. लांब जायला नको होतं. तेवढंच बरं झालं.

"दर्याबाबा, दर्याबाबा, जरा नीव. वादळाचा डोळा लागेना, वारा थांबेना, बावटा उतरेना, तांडेल ढकलेना, होडी सरकेना, दार उघडेना, मला निजता येईना."

दर्या हळूच बोलला. हळूच बोलला, तरी नारळ हलला.

"उन्हाळाभर ऊन अंगावर घेतलं, बाळ. अंग तापलंय माझं. तळाला गारमाय असते. गार गार पाणी. ती वर आली, तर निवेन."

"मग हाक मार की."

"मारल्या हाका. पण वर हा एवढा गलका. तळापर्यंत काही पोचत नाही."

कुर्लीनं आपले पाय बघितले. मग खाली बघितलं. खाली काळोख होता.

"मी जाते," ती म्हणाली. "मला खाली जायची सवय आहे."

डुबुक.

खाली. खाली. आणखी खाली.

पाणी हिरवं झालं. मग निळं झालं. मग काळं झालं. मग गार झालं. वरचा आवाज येईनासा झाला. कुर्लीचे पाय तळाला टेकले.

टिक टिक टिक. तिनं नांगीनं वाजवलं.

कोणी बोलेना.

टिक टिक टिक.

"कोण गं?" काळोखातून कोणी तरी म्हणालं.

"गारमाय, गारमाय, वर ये. दर्या निवेना, वादळाचा डोळा लागेना, वारा थांबेना, बावटा उतरेना, तांडेल ढकलेना, होडी सरकेना, दार उघडेना, मला... मला निज..."

कुर्लीला पुढचं आठवेना. जांभई आली. तोंड मिटेचना.

"निजता येईना," गारमाय म्हणाली. "असंच ना?"

"हं."

"आत्ता उठायचं म्हणजे," गारमाय म्हणाली. "आत्ता कुठं पाठ टेकली होती." ती कुशीवर वळली. हातावर उठली. "अगं आई गं. गुडघे माझे."

"तू पण सांगणार का, अमकं झालं तर येईन?"

"छे गं. लेकरू दारात आलं, की उठायचं असतं. चल, बस माझ्या खांद्यावर."

आणि गारमाय वर आली. हळू. हळू. हळू. काळ्यातून निळ्यात. निळ्यातून हिरव्यात.

गारमाय आली, दर्या निवला.

दर्या निवला, वादळाचा डोळा लागला. आधी अर्धा मिटला. मग पुरा मिटला. काळे ढग पांढरे झाले. लांबून आवाज आला, घुर्रर, घुर्रर. ते वादळ घोरत होतं.

वादळाचा डोळा लागला, वारा थांबला. खडकावर पाय पसरून बसला. "हुश्श," म्हणाला.

एका बारक्या लाटेनं कुर्लीला उचललं. नारळालाही उचललं. दोघांना काठावर आणून ठेवलं. अलगद.

कुर्लीला उठवेना.

होडीच्या टोकावर कावळा होता. तो खाली उतरला. टुणुक टुणुक. जवळ आला.

वारा थांबला, बावटा उतरला. त्याची घडी झाली. घडीत त्याला लगेच झोप लागली.

कावळा आला. टुणुक टुणुक.

बावटा उतरला, तांडेल उठला. "चला रे," म्हणाला. अख्खा पाडा आला. बारकूबायही आली, पदर खोचून.

कावळा अगदी जवळ आला. मान वाकडी करून बघायला लागला.

"काय गं कुर्ले, आता तरी दमलीस?"

कुर्लीनं डोळे उघडले. "दमले रे," ती म्हणाली. "फार दमले."

कावळ्यानं चोच उघडली.

"लावा जोर," तांडेल म्हणाला. सगळ्यांनी ढकललं.

तांडेलानं ढकललं, होडी सरकली. घर्र, घर्र, घर्र. कावळ्याच्या शेपटीवरूनच गेली. कावळा उडाला, काव काव करत.

होडी सरकली, दार उघडलं.

कुर्ली उठली. एक पाय. दुसरा पाय. तुरु... तुरु.

टुपुक.

कावळा परत आला. बिळापाशी वाकला. आत काळोख.

"अगं, तू दमली होतीस ना?"

आतून बारीक आवाज आला. "दमले होते. म्हणून तर घरी आले."

कावळा बसला विचार करत. मग त्यालाही जांभई आली. रिकाम्या काठीवर जाऊन बसला. चोच पंखात खुपसली. आता मासळी येईल, तेव्हा उठू, म्हणाला.

होडी पाण्यात गेली. तांडेलानं हात हलवला.

"जा बाबा एकदाचा," बारकूबाय म्हणाली. "ओटी मोकळी झाली." पण होडी दिसेनाशी होईपर्यंत ती काठावरच उभी होती. मग घरी गेली आणि आडवी झाली.

गारमाय हळूहळू खाली निघाली. जाताना तिनं एका लाटेनं बिळाच्या दारावर थोडी वाळू लोटली. फस्स. पण हळूच. उघड्या दारात कोणाला झोप लागते?

वादळाचा डोळा लागला.

बिळाचं दार लागलं.

आपली गोष्ट काठाला लागली.