अभेददादांचं बोट

पुण्याच्या कडेला नवे टॉवर उभे राहिले, तसे नवे पंथही आले. एका सोसायटीच्या क्लबहाउसात अभेददादांचा ‘एकरूप परिवार’ भरू लागला. “गुरू आणि शिष्य एकच. माझा देह निरोगी, मग तुमचा आजारी कसा?” असं दादा सांगत. ते मनावर घेऊन मुकुंद खळदकरांनी इन्शुलिन बंद केलं.

आठवड्याभरात ते पार गळून गेले. त्यांची बायको हेमांगी रडली, भांडली, डॉक्टरांना घरी घेऊन आली, पण मुकुंद ऐकेनात. शेवटी धास्तावलेली हेमांगी त्यांच्याबरोबर सत्संगालाच गेली आणि भर सभेत उठून उभी राहिली.

“दादा, तुम्ही आणि हे एकच ना?”

“अगदी एकच, ताई. तसूभरही फरक नाही.”

हेमांगीने पर्समधून साखर तपासायचं मशीन काढलं.

“यांची साखर आज चारशेच्या वर गेलीय. आता तुमचं बोट द्या. तुमचीही तेवढीच निघाली, तर मी जन्मभर तुमची सेवा करीन. नाही निघाली, तर फरक आहे म्हणायचा. मग यांना औषध घ्यायला सांगा.”

दादांनी हात शालीखाली ओढून घेतला.

“औषध घ्या, मुकुंदराव,” ते घसा खाकरत म्हणाले. “आमची काही ना नाही.”

परतताना मुकुंद रिक्षात बाहेर बघत बसले होते. आता हे आपल्याशी कधी बोलणारच नाहीत, अशी भीती हेमांगीला वाटत होती.

घराजवळ आल्यावर ते हळूच म्हणाले, “फ्रिजमध्ये इन्शुलिन आहे ना गं अजून?”