चिमाचा कंदील

डोंगराच्या डोक्यावर होतं एक गाव. गावापलीकडे नुसता कातळ. श्रावणात तिथं असं धुकं दाटायचं, की गुरांना गोठा सापडेना. पण कातळावर कंदीलफुलाचे तीन वेल होते, बरं का. धुकं आलं की त्यांची फुलं आपोआप पेटायची. मग गुरं उजेडाच्या रोखानं घरी यायची.

वेल दरवर्षी नव्या जागी उगवायचे. सगुणा ते हुडकून "उगवले हो!" म्हणून सांगायची, की गाव निर्धास्त व्हायचं आणि तिला डोक्यावर घ्यायचं. धाकटी बहीण चिमा नुसती जळायची. "मी शोधू?" म्हटलं की म्हातारे हसायचे. "तू लहान आहेस गं. ते सगुणालाच जमतं." म्हाताऱ्यांना काय, एकदा बोलले की बोलले!

मग चिमा गुपचूप ताईच्या मागं गेली. पहिला वेल दिसला. गावाला मीच दाखवीन, म्हणून तिनं शेजारी दगड रचून खूण केली. झालं! गुराख्यांनी खूण पाहिली, खणलं आणि वेलाखालचा गोड गड्डा खाल्ला. गड्डा गेला, वेल मेला. मग दुसऱ्या वेलाजवळ तिनं लाल चिंधी बांधली. ती तर लांबूनच दिसली. तोही गेला.

सगुणा रडायला लागली. "चिमे, दोन गेले गं. तिसरा मला सापडतच नाही."

चिमाला काय वाटलं असेल? गुदगुल्या झाल्या, गुदगुल्या! ती धावत सुटली. करवंदीच्या जाळीत शिरली, तर समोर तिसरा वेल! तिनं दगड उचलला. तेवढ्यात गुराखी आले.

"काय गं, काय सापडलं?"

उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण तिनं दगड सोडला आणि परकर पसरून वेलापुढं बसली.

"काही नाही. काटा रुतला."

"तुला काय सापडणार म्हणा! सगुणा थोडीच आहेस तू!"

चिमाचे कान तापले. पण गुराखी जाईपर्यंत ती जागची हलली नाही.

मग धुकं आलं. जाळीत कंदील पेटले. एकूण एक गुरं घरी आली. "सगुणानं शोधला!" म्हणत गावानं सगुणाला उचललं. "अहो, मी नाही!" ती ओरडली. ऐकतंय कोण?

चिमाचा हेवा गेला का? छे! रात्रभर धुमसत होती. पण जागा काही तिनं सांगितली नाही. पुढं बी वाऱ्यावर उडालं, कातळभर कंदील झाले, आणि गुरं-माणसं सुखानं नांदली.

चला, मिटा डोळे.