चावडीच्या भिंतीवरची नदी

नदीकाठच्या एका गावात फार पूर्वी एक तरुण चितारी राहत होता. त्या गावाची एक रीत होती. दरवर्षी दिवाळीआधी चितारी चावडीच्या भिंतीवर, जुन्या चित्रांच्या शेजारी, सरत्या वर्षाचं चित्र काढी. पीक आलं तर भरली कणसं, रोगराई आली तर रिकामी दावण. गावातली पोरंटोरं ती भिंत बघतच मोठी होत.

एका वर्षी नदीला असा पूर आला, की पाणी घाट चढून देवळातल्या मारुतीच्या गळ्याला लागलं. खालची आळी होत्याची नव्हती झाली. चितारी रंग कालवून चावडीवर आला, तर पाटील आडवे आले.

"पूर काढू नकोस रे बाबा."

"पण पाटील, पूर तर सगळ्यांनी बघितलाय."

"गावाने बघितलाय, पाहुण्यांनी नाही. मुलीचा बाप गावात आला की आधी चावडीवर टेकतो. असली भिंत बघून कोण पोरगी देईल आपल्याला? तुझंही लग्न व्हायचंय, विसरलास का?"

चितारी कसला विसरतोय! तो तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसला होता. त्याने मान डोलावली आणि घाटाच्या तळाशी निजलेली निळीशार नदी काढली. काठाला बगळेही काढले.

पुढच्याच वर्षी एक पाहुणा चावडीवर टेकला, भिंत बघून खूश झाला आणि चितारी बोहल्यावर चढला. बायको गुणी मिळाली. मुलगा झाला. गावातली मोठी माणसं पुराचं नावही काढीनात. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का?

मुलगा कर्ता झाला आणि एक दिवस म्हणाला, "बाबा, खालच्या आळीतली जागा पडीक आहे. तिथे घर बांधतो."

"नको रे. तिथे पाणी येतं."

"कधी आलं होतं? भिंतीवर तर दिसत नाही. चित्र तुम्हीच काढलंय ना?"

बायको जवळच तांदूळ निवडत होती. तिच्यादेखत खरं सांगायचं चिताऱ्याच्या जिवावर आलं. तो नुसता म्हणाला, "बघ बाबा, तुझं तू." त्या वेळी तोंड उघडलं असतं तर! पण नाही उघडलं.

घर उभं राहिलं. काही वर्षांनी नदी पुन्हा घाट चढली. मुलगा गोठ्यातले बैल सोडायला गेला, तो परत आलाच नाही.

पाणी ओसरल्यावर म्हातारा चितारी चुन्याचं गाडगं घेऊन चावडीवर गेला. बायको मागोमाग आली.

"नदी एवढी वर येते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग हे चित्र?"

त्याने सगळं सांगितलं. तो चित्रावर चुना मारायला उठला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"पुसू नका. शेजारी खरा पूर काढा, आणि हेही राहू द्या. यातली नदी खोटी असली तरी गाव खरं आहे. खालची आळी वाहून गेली होती आणि आपल्या गावाला काळजी कसली, तर पाहुणे काय म्हणतील याची. आपण असे होतो, हे लेकरांना कळू दे."

चिताऱ्याने पूर काढला. मारुतीच्या गळ्याशी पाणी काढलं. त्या पाण्यात बैल सोडणारा आपला मुलगा काढायला घेतला, पण पोराचा चेहरा काही त्याच्या हातून उतरेना.

तात्पर्य: चितारी काहीही काढो, चित्रात त्याचा काळ आणि त्याचं गाव उतरतंच. जो समाज आपलं दुःख भिंतीवरून लपवतो, त्याची लेकरं त्याच दुःखात बुडतात.