नेहमीचं ना?

आमचं कॉफीचं दुकान आता किती टिकणार, या काळजीने मला झोप लागली नव्हती. समोर मोठ्या कंपनीचं दुकान उघडलं होतं. फुगे, फलक, पहिला कप फुकट. गिऱ्हाईक टिकवण्याचे उपाय मी पुष्कळ वाचले होते. वाचण्यात मी हुशारच; कोणाला कॉफी कशी लागते, ते मात्र माझ्या नवऱ्याच्याच ध्यानात. दुपारी रिकाम्या दुकानात लेकीने, शाल्मलीने, गोष्ट मागितली, तेव्हा धीर देणारी म्हणून ही सांगायला घेतली. अर्ध्यावर कळलं की ही तशी नाही.

मिथिलेत राजा सुबाहू राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व वेशीपाशी सुंठेचे ऊन पेय विकत असे. कोणाला गूळ कमी, कोणाला मिरे सोसत नाहीत, सारे त्याच्या ध्यानात असे. तो प्रत्येकाला एवढेच विचारी, “नेहमीचं ना?” ही विक्रीची युक्ती आहे, हे त्याला ठाऊकही नव्हते.

मग मणिकंठ श्रेष्ठीने समोर मंडप घातला. पताका लावल्या, शिंगवाले बसवले, पहिला पेला फुकट ठेवला. बोधिसत्त्वाची पत्नी सुरुची हिनेही पताका बांधली, ढोल बडवून पाहिला. लोक वळून बघत आणि समोर जात.

पुढे श्रेष्ठीचे सेवक ते शब्दही शिकले. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागले, “नेहमीचं ना?” प्रथमच आलेला वाटसरूही सुखावून हो म्हणे.

कौशिक नावाच्या म्हाताऱ्या विणकराला मधुमेह होता. तोही हो म्हणाला, आणि गुळाने घट्ट झालेला पेला भिडेपोटी प्याला. असे रोज चालले. एके दिवशी तो वेशीतच कोसळला. बोधिसत्त्वाने त्याला उचलून घरी पोचवले.

सुरुची म्हणाली, आता लोक आपणहून परत येतील, तुम्ही फक्त गप्प बसा.

बोधिसत्त्व उठून समोर गेला. सेवकांना जवळ बसवून कोणाला काय चालते, काय नाही, ते सगळे त्याने सांगून टाकले.

“एवढंच उरलं होतं हो आपल्याकडे,” सुरुची म्हणाली. “तेही देऊन आलात?”

“लोक तिकडेच जाणार, सुरुची. त्यांनी आजारी का पडावं?”

उरलेली गिऱ्हाइकेही मग समोर गेली. चूल विझली, तिच्यात गवत उगवले. मंडपात कौशिकाला बिनगुळाचा पेला मिळू लागला. तो कोणामुळे, हे कोणी विचारले नाही.

ही कथा सांगून तथागतांनी ओळख पटवली: तेव्हाचा मणिकंठ तो आजचा देवदत्त, कौशिक तो आनंद, सुरुची ती यशोधरा, आणि तो पेयविक्या मीच. शेवटचे उरलेलेही देऊन टाकणे, या गुणाला दान म्हणतात.

शाल्मलीने समोरच्या दुकानाकडे नीट पाहिलं.

“मग आई,” ती म्हणाली, “बाबांना घेतील ना ते कामाला? बाबांना सगळ्यांचं माहितीये.”